सिंधुदुर्गातील हिवाळी भटकंती

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला अरबी समुद्र यांच्यामध्ये असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत चालणारी जत्रा, समुद्र, गड आणि घाटमाथा यांची भटकंती. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले. बाहेरून येणारे पाहुणे डिसेंबर-जानेवारीला ‘सीझन’ म्हणतात. मात्र या महिन्यांत घराबाहेर पडण्याची रीत इथल्या गावांची स्वतःची आहे आणि पर्यटनापेक्षा कितीतरी जुनी आहे. भात कापून, झोडून कणगीत पडलेले असते, समुद्र निवलेला असतो, आणि देवाला पालखीत बसवून फिरवण्याचे दिवस आलेले असतात. पाहुण्याने गावाचे हे वेळापत्रक समजून घेतले, तर त्याला जिल्हा खऱ्या अर्थाने दिसतो.

ऋतुमान

सह्याद्रीची मुख्य धार आणि समुद्र यांत इथे फार अंतर नाही. सकाळी आंबोलीच्या धुक्यात असलेला माणूस दुपारच्या जेवणाला वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सहज पोचतो. किनाऱ्यावरची थंडी बोचरी नसते. पहाटे एक चादर अंगावर घेतली की भागते. घाटमाथ्यावर मात्र शेकोटी लागते.

हिवाळ्यातला दिवस दोन वाऱ्यांनी वाटून घेतलेला असतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. त्यांच्यामुळे सकाळी किनाऱ्याजवळचे पाणी जवळजवळ सपाट असते. ऊन चढले की जमीन तापते, वारा उलटतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटून लाटा उठू लागतात. होडीतून किल्ल्यावर जाणे, डॉल्फिन पाहणे, पाण्याखाली उतरणे ही सगळी कामे सकाळीच करावीत असे मालवणचा होडीवाला सांगतो, ते यासाठीच. शिवाय पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तोवर खाली बसलेला असतो, त्यामुळे पाणी नितळ दिसते.

समुद्रकाठ

जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या पाण्यात उतरतात आणि थंडीत बांगडा, तारली, पेडवे यांचा हंगाम रंगात येतो. किनाऱ्यावर रापण पाहायला मिळते ती याच दिवसांत. होडीतून लांबलचक जाळे अर्धगोलात समुद्रात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी हळूहळू ओढून घ्यायची, अशी ही पद्धत. एका रापणीला कित्येक हात लागतात आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. मोठ्या यांत्रिक नौका किनाऱ्याजवळची मासळी उचलू लागल्यापासून रापणकरांच्या जाळ्यात पूर्वीसारखे काही येत नाही. तरीही एखाद्या सकाळी जाळे वाळूवर येते, आत चांदीसारखी तारली उडत असते आणि पाहायला आलेला पाहुणाही नकळत दोराला हात लावतो. असे दृश्य टिकले पाहिजे.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये केली. सुमारे ४८ एकरांवरच्या या किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असताना या विहिरींना गोडे पाणी लागते, हे तिथे उभे राहून चाखले की जागा निवडणाऱ्याची नजर कळते. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असल्याने किल्ल्याची मुख्य गर्दी हिवाळ्यातच होते. उत्तरेला वाघोटन खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग याहून जुना, तिहेरी तटबंदीचा आणि आंग्र्यांच्या आरमारामुळे गाजलेला. तिथे गर्दी कमी असते आणि तटावरून फिरायला निवांत वेळ मिळतो.

मालवणजवळचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्ली परिसरात स्नॉर्कलिंग व स्कूबा डायव्हिंग चालते. उथळ पाण्यात प्रवाळ असतात. त्यांवर पाय देऊन उभे राहिले की ते मोडतात आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात. होडीतून उतरण्यापूर्वी हे प्रत्येकाला सांगितले गेलेच पाहिजे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या अरुंद पट्टीवर माडांच्या सावलीत घरे, असे हे गाव आहे. इथून आणि निवतीहून सकाळी डॉल्फिन पाहायला होड्या निघतात. कोळी डॉल्फिनला गादा म्हणतात.

याच महिन्यांत लडाख आणि तिबेटच्या तळ्यांवर वाढलेले तपकिरी डोक्याचे कुरव पक्षी इथल्या किनाऱ्यांवर थव्याने उतरतात. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालून परत जातात. वेंगुर्ला तालुक्यातील वायंगणी आणि देवगड तालुक्यातील तांबळडेग हे त्यांचे ओळखीचे किनारे. गावकरी अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्रात सोडतात. पिल्ले पाहायला जाणाऱ्याने बॅटरीचा झोत आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि भलत्या उजेडाने वाट चुकतात.

जत्रा आणि दशावतार

हिवाळी भटकंतीचा गाभा जत्रेत आहे. कार्तिकापासून जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या गावात ग्रामदेवतेची जत्रा असते आणि माणसे एका गावाहून दुसऱ्या गावाला रात्री चालत, दुचाकीवर, टेम्पोत बसून जातात. माहेरवाशिणी ओटी भरायला येतात, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. सावंतवाडीजवळ सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा लोटांगणाची जत्रा म्हणून प्रसिद्ध आहे. नवस फेडणारे रात्री देवळाभोवती लोटांगण घालतात. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना देवाच्या चपला झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे.

जत्रेतले दुकान म्हणजे खाजे, शेंगदाण्याचे लाडू, कडक खडखडे लाडू, बांगड्या आणि खेळणी. गुळात घोळलेले, आल्याचा वास असलेले खाजे घरी आणल्याशिवाय जत्रा झाली असे कुणी मानत नाही.

पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार हे इथले लोकनाट्य उभे राहते. मालवणी बोलीत या रात्रीला ‘धयकालो’ म्हणतात, कारण पहाटे दहीहंडी फोडून खेळ संपतो. सुरुवातीच्या पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी आणि सरस्वती येऊन जातात, मग वेद चोरणारा संकासुर आपल्या मालवणी बोलण्याने लोकांना हसवतो. त्यानंतर उत्तररंगात पुराणातले एखादे आख्यान लागते. सगळे नट पुरुष असतात. आपला चेहरा ते स्वतः रंगवतात. राजपार्टी म्हणजे राजाची आणि स्त्रीपार्टी म्हणजे स्त्रीची भूमिका; ही कामे वर्षानुवर्षे ठरावीक कलावंतांकडे असतात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज.

या नाटकाला लिखित संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे आणि कोण कुठे शिरणार हे रंगपटात बसून ठरते, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. रंगमंचावर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच रथ, तेच पर्वताचे शिखर. तलवारीचे युद्ध लागले की मृदंग चढतो आणि पेंगलेली पोरे दचकून उठतात. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर यांच्यासारख्या पारंपरिक मंडळ्या पेटाऱ्यात देव, मुखवटे आणि पोशाख घेऊन रोज रात्री नव्या गावी जातात. कित्येक कलावंत पावसाळ्यात शेतकरी असतात. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना या परंपरेला दोन ओळींत आटोपण्याची सवय अन्यायाची आहे. हजार माणसांसमोर संहितेशिवाय पहाटेपर्यंत उभे राहणे हे फार मोठे कसब आहे.

मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीची भराडी देवी ही सर्वांत मोठ्या गर्दीची जत्रा. तिची तारीख तिथीवर ठरत नाही. देवीचा कौल, म्हणजे तिची अनुमती, घेऊन ती ठरते आणि जाहीर होताच मुंबईत तिकिटांची धावपळ सुरू होते. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात. जत्रा साधारण फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येते. देवीच्या नैवेद्याचे जेवण आंगणे घराण्यातील स्त्रिया एक शब्दही न बोलता रांधतात. महाशिवरात्रीला देवगड तालुक्यात कुणकेश्वरला, अगदी लाटांच्या शेजारी असलेल्या देवळात, मोठी यात्रा भरते.

गावपळण

संपूर्ण गावानेच भटकंतीला निघण्याची गावपळण ही प्रथा इथे आहे. मालवण तालुक्यातील आचरे गावात काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल मिळाला की, सारा गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहतो. गुरे, कोंबड्या, कुत्री बरोबर असतात. जातधर्माचा भेद न करता सगळे निघतात, मुसलमान कुटुंबेही. वेशीबाहेर झावळ्यांच्या आणि कापडाच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजने आणि फुगड्या रंगतात. गाव त्या दिवसांत देवाचा आणि अदृश्य शक्तींचा असतो, अशी जुनी समजूत; काही दिवस माणूस नसल्याने गावाची हवा शुद्ध होते, असेही सांगतात. परतण्यासाठी पुन्हा कौल लागतो. शेजारच्या चिंदर आणि (वेंगुर्ल्याचे नव्हे, मालवणातल्या) वायंगणी गावांतही ही प्रथा आहे, तर वैभववाडी तालुक्यातील शिराळे गाव दरवर्षी बाहेर पडते. भात घरात आले आहे, पाऊस नाही आणि उघड्यावर झोपता येते, म्हणूनच हे हिवाळ्यात जमते. बघायला जायचे असेल तर वेशीबाहेरच्या खोपींत जावे; रिकाम्या गावात शिरून चित्रीकरण करू नये.

घाटमाथा आणि सडे

सुमारे ६९० मीटर उंचीवरचे आंबोली पावसासाठी प्रसिद्ध आहे आणि धबधब्यांची झुंबड तेव्हाच उडते. हिवाळ्यात नांगरतास आणि कावळेसाद इथले पाणी आटत जाते. पण दरीवरचा पडदा दूर होतो आणि महादेवगडावरून कोकणची भूमी थेट दिसते. हिरण्यकेशी नदी इथेच, शंकराच्या देवळाजवळच्या गुहेतून उगम पावते. या उगमाच्या पाण्यात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीला २०२० मध्ये नदीचेच नाव मिळाले आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. चढण्याची हौस असलेल्यांना कुडाळ तालुक्यातील नारूरहून रांगणा किल्ल्यावर जाणारी वाट हिवाळ्यात चांगली; पावसात ती निसरडी होते.

समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने कातळात कोरलेल्या आकृती आहेत. कोकणातील अशा निवडक कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला आहे; त्यांत कुडोपी आहे. पावसाळ्यात यांवर पाणी आणि गवत असते, उन्हाळ्यात पाय भाजतात. हिवाळ्यात तिरप्या उन्हात कोरीव रेषांची सावली पडते आणि आकृती उठून दिसतात.

तळी आणि कारागीर

धामापूरचा तलाव १५३० मध्ये बांधला गेला. काठावर भगवतीचे देऊळ आणि मागे दाट झाडी. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा मानले गेले. सावंतवाडीत मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळीतील लाकडी खेळणी पाहावीत. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर बसतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची बारा-बारा अशी १२० गोल पाने असतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दक्षिणेला शिरोड्याची मिठागरे आहेत, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. पाऊस संपून आगरांची डागडुजी झाली की पुन्हा मीठ पडू लागते.

ताट

भात कापलेल्या मळ्यांत कुळीथ, वाली, मुळा, तांबडी भाजी होते आणि पाणी असेल तिथे वायंगणी, म्हणजे हिवाळी, भात. त्यामुळे थंडीत कुळथाची पिठी आणि भात हे घरोघरचे जेवण. मीठ घालून उकडलेली कणगी आणि करांदे ही कंदमुळेही याच दिवसांत. खानावळीत मिळणारे कोंबडी-वडे आणि सोलकढी बाराही महिने आहेत. ताजा बांगडा तिखले करून खावा तो मात्र आताच.

पोचण्याची सोय

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी ही सोयीची स्थानके. कोल्हापूरकडून करूळ, भुईबावडा आणि फोंडा घाट, तर बेळगावकडून आंबोली घाट उतरतो. गोव्यातील मोपा विमानतळ सावंतवाडीपासून जवळ आहे. जत्रेच्या रात्री परतीला वाहन मिळणे कठीण असते, तेव्हा दशावतार पहाटेपर्यंत पाहून पहिल्या एसटीने निघण्याची जुनी रीतच बरी. त्या वेळी आंब्यांना मोहोर आलेला असतो, आणि एसटीच्या खिडकीतून थंड हवेबरोबर त्याचा वास आत येतो.