बाळंतपण कुणाच्या हाती? सुईण, सिस्टर आणि सरकारी धोरण

पुण्यात परिचर्येच्या शिक्षणाची सुरुवात सरकारपेक्षा समाजसुधारकांनी जास्त नेटाने केली. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि तिथून बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषाची शुश्रूषा करणे कुलीन घरात कमीपणाचे मानले जाई. त्यामुळे सुरुवातीला आल्या त्या बहुतेक विधवा. वाडा-वस्तीवरचे बाळंतपण मात्र सुईणीकडेच राहिले.

१९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या, सर जोसेफ भोर यांच्या समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. पुढे उपकेंद्रे आली, सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक. तिथली एएनएम, म्हणजे नर्स-सुईण (लोकांच्या तोंडी 'सिस्टर'), ही मुळात बाळंतपणासाठीच नेमलेली. पण १९५२ पासून कुटुंब नियोजन आले, त्यामागोमाग टार्गेट आले. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर ती 'बहुउद्देशीय' झाली, म्हणजे आरोग्याची इतर कामेही तिच्याकडे आली, आणि १९७७ मध्ये तिचे प्रशिक्षण २४ महिन्यांवरून १८ महिन्यांवर आणले गेले. कामे वाढवायची आणि शिकवणे कमी करायचे, हा हिशेब कुणाला सुचला असेल! १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणाची भर पडली. भोर-मुळशीच्या डोंगरात फिरणाऱ्या सिस्टरची ओळख मग बाळंतपणापेक्षा लस आणि रजिस्टर अशीच होत गेली. नसबंदीची सक्तीची उद्दिष्टे १९९६ मध्ये निघाली, रजिस्टरे राहिली.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेने दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे जोडले. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सिझेरियन, औषधे, जेवण, गाडी सगळे सरकारी दवाखान्यात मोफत केले. आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, गरोदर बाईला घेऊन येऊ लागली. बाया आल्या हे चांगलेच झाले, पण प्रसूतीकक्षात त्यांच्याजवळ तासन् तास थांबायला हात हवे होते, त्यांचा विचार मागे पडला. कळा सुरू असताना पाठ चोळणे, बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यायला लावणे याला वेळच लागतो.

२०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रसविकेचे, म्हणजे बाळंतपणासाठी खास शिकलेल्या नर्सचे, वेगळे पद पुन्हा आणले. त्यासाठी शिकलेल्या नर्सला आणखी १८ महिन्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पण आधीच नर्स अपुऱ्या असलेल्या वॉर्डातून एखादी त्यासाठी सोडायची, तर तिच्या पाळीला कोण उभे राहणार, हे आधी ठरवावे लागेल.