भाव चित्राला की सहीला?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायर आणि जर्मन मेसरश्मिट या लढाऊ विमानांच्या झुंजीची छापील चित्रे जमवणारा मुरलेला संग्राहक आधी खालचा समास बघतो. तिथे पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक घातलेला असतो, शेजारी चित्रकाराची सही, आणि नशीब असेल तर त्या युद्धात उडालेल्या एखाद्या वैमानिकाचीही. भाव ठरतो तो बहुतेक या शेवटच्या सहीवर. हा शौक युद्धकाळातला वाटतो खरा, पण तो रुजला युद्ध संपून ३० वर्षे उलटल्यावर.

हवाई झुंजी रंगवणे मात्र पहिल्या महायुद्धाइतके जुने. सिडनी कार्लाइन हा ब्रिटिश चित्रकार स्वतः वैमानिक होता. इटलीच्या आघाडीवरच्या चकमकी त्याने १९१८ मध्ये रंगवल्या. त्याच वर्षी १० विमाने पाडून जुलैमध्ये मारला गेलेला कोलकात्याचा इंद्रलाल रॉय, तोही विमानांची रेखाटने करायचा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने केनेथ क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून चित्रकारांना काम दिले. त्यातून पॉल नॅश यांचे १९४१ चे ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ आले; १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झालेल्या लढाईचे ते चित्र. खाली वळणे घेत समुद्राला मिळणारी नदी, वर आकाशभर बाष्पाच्या पांढऱ्या रेघा. विमाने चिमुकली, वैमानिकाचा पत्ताच नाही. दम्यामुळे नॅश कधी विमानात बसलेच नाहीत, तरी त्या उन्हाळ्याचे आकाश त्यांच्याइतके कुणाला साधले नाही, असे मला वाटते. वैमानिकांचे चेहरे टिपले ते कथबर्ट ऑर्ड यांच्या कोळशाने.

१९७१ मध्ये ब्रिटनमध्ये विमानचित्रकारांची संघटना उभी राहिली. पहिले अध्यक्ष होते फ्रँक वूटन, १९४४ मध्ये नॉर्मंडीत हवाई दलाबरोबर राहून चित्रे काढणारे. बाजार खरा तापवला तो इंग्लंडमधल्या बाथच्या चित्रकार रॉबर्ट टेलर यांच्या मर्यादित आवृत्त्यांनी. त्यांच्या स्पिटफायरच्या चित्रावर नामांकित ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर आणि जॉनी जॉन्सन यांच्या सह्या होत्या. वेळही जुळून आली होती. १९४० मध्ये विशीत असलेले वैमानिक तोवर साठीकडे झुकले होते. हाती वेळ होता, नावाला वलय होते. पुढे जर्मनीचे वैमानिक आडोल्फ गालांड आणि ग्युंटर राल यांच्याही सह्या अशा चित्रांवर आल्या. १९४१ मध्ये बेडर फ्रान्समध्ये कैद झाले, तेव्हा गालांड यांनीच आपल्या तळावर त्यांचा पाहुणचार केला होता. युद्धानंतर दोघांची दोस्ती टिकली. संग्राहकांना असे किस्से हवेच असतात.

या चित्रांचा काटेकोरपणा मात्र गमतीचा आहे. विमानावर रंगवलेली स्क्वाड्रनची (तुकडीची) अक्षरे चुकली, तर माहीतगार गिऱ्हाईक चित्रकाराला सोडत नाही. अंतराबद्दल मात्र कुणी हूं की चूं करत नाही. स्पिटफायरच्या बंदुकांचा नेम साधारण २५० यार्डांवर जुळवलेला असे, आणि गोळ्या जेमतेम १५ सेकंद पुरत. आपल्याला कुणी पाडले हे अनेकांना दिसलेही नाही. चित्रात मात्र दोन्ही विमाने रिव्हेट मोजता येतील इतकी जवळ. तसे केले नाही, तर चौकटीत उरेल ते नॅश यांचे आकाश, आणि दिवाणखान्यात लावायला ते किती जण घेतील?

बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये लढलेले शेवटचे हयात वैमानिक, जॉन हेमिंग्वे, १७ मार्च २०२५ रोजी वयाच्या १०५ व्या वर्षी गेले. डिजिटल छपाईमुळे प्रती हव्या तेवढ्या निघतात. अडते ते सह्यांपाशी. त्यावर तोड म्हणून सुट्या कागदावर मिळालेली जुनी सही नव्या चित्राखाली चौकटीत बसवली जाते. सही अस्सल असली, तरी ती करणाऱ्याने ते चित्र पाहिलेलेही नसते. माझ्या मते अशा प्रतीला जुन्या प्रतीच्या रांगेत बसवू नये, मग प्रमाणपत्र कितीही देखणे असो.