हाऊस बँडचा बेसिस्ट आणि फोनवरचा बेसिस्ट: दोघांनाही आपण 'सेशन प्लेयर' म्हणतो, गल्लत तिथेच होते

जुनं एखादं गाणं ऐकताना खालचा बेस (खर्जातल्या गिटारची ती जाड ओळ) कानात अडकतो, मग आपण शोधायला जातो की हे वाजवलंय कोणी, आणि उत्तर मिळतं 'अमुकतमुक सेशन प्लेयर होता', म्हणजे पैसे घेऊन स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवणारा. झालं, विषय संपला. पण त्या एका शब्दात दोन वेगळी आयुष्यं कोंबलेली आहेत. एक म्हणजे एकाच कंपनीच्या स्टुडिओत रोज बसणारा माणूस, गायक येतात जातात, हा तिथेच, याला हाऊस बँडचा वादक म्हणायचं. दुसरा फ्रीलान्स, कुणाचाच नाही, ज्याचा फोन येईल त्याच्याकडे बेस घेऊन हजर. दोघंही जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवतात, त्या काळात दोघांचीही नावं रेकॉर्डच्या कव्हरवर सहसा नसायची, त्यामुळे बाहेरून बघितलं तर सारखेच दिसतात.

फरक बघायचा तर १९६० च्या दशकातली अमेरिका घ्या, कारण तिथे दोन्ही प्रकार एकाच वेळी जोरात होते आणि दोन्हीकडे एकेक असं नाव आहे की ज्याच्याशिवाय बेसवर बोलताच येत नाही. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमर्सन, आणि लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के. आता गंमत बघा, कॅरलचा जन्म १९३५ चा, जेमर्सनचा १९३६ चा, दोघंही फेंडर प्रिसिजन बेस वाजवायचे, दोघंही गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा लावायचे, दोघंही तारांचा झणझणाट दाबून आवाज ठोस आणि आखूड ठेवायचे, आणि दोघांचीही सुरुवात बेस गिटारने झालीच नव्हती. त्याची झाली उभ्या डबल बेसवर, तिची गिटारवर. इतकं सारखं असल्यावर लोकांनी गोंधळ नाही केला तरच नवल.

पण कामाला लागले कसे ते बघा. जेमर्सन साउथ कॅरोलायनातून १९५४ मध्ये डेट्रॉइटला आला, शाळेत असताना डबल बेस हातात घेतला, क्लबांमध्ये जॅझ वाजवला, आणि १९५९ च्या आसपास मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याच्या स्टुडिओत वाजवायला लागला. स्टुडिओ म्हणजे काय तर वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचं एक साधं घर, त्यातली रेकॉर्डिंगची खोली इतकी कोंदट आणि वायरींनी भरलेली की वादक तिला स्नेकपिट म्हणायचे. तो स्टुडिओ दिवसाचे २२ तास चालायचा. तिथे जो कायमचा वादकांचा गट जमला तो फंक ब्रदर्स, आणि जेमर्सन त्यांचा खांब. थोडे दिवस गायकांबरोबर दौरेही केले त्याने, पण कंपनीला लवकरच कळलं की हा माणूस बाहेरगावी असणं परवडणार नाही.

कॅरलचं उलटं. ती १४ वर्षांची असल्यापासून गिटार शिकवून पैसे कमवत होती, पुढे क्लबांमध्ये बीबॉप, म्हणजे एक वेगवान जॅझ, वाजवायची, १९५७ मध्ये एका निर्मात्याने क्लबात ऐकून तिला गायक सॅम कुकच्या रेकॉर्डिंगला बोलावलं, आणि तिच्या लक्षात आलं की स्टुडिओतले पैसे क्लबपेक्षा कितीतरी बरे आहेत. मुलं होती, आई होती, घर चालवायचं होतं. मग १९६३ च्या सुमारास कॅपिटॉल कंपनीच्या एका सेशनला ठरलेला बेसिस्ट आलाच नाही, तिने बेस उचलला, आणि पुढे तेच मुख्य काम झालं. तिने एकूण अंदाजे १०,००० रेकॉर्डिंग केली असं नेहमी सांगितलं जातं. हा आकडा कोणी मोजून काढलेला नाही, पण दिवसाला तीन-चार सेशन्स धरली तर अशक्यही वाटत नाही.

आता माझ्या मते खरा फरक इथे आहे. हाऊस बँडवाल्याला एकच खोली, तीच माणसं, तोच ड्रमर रोज. जेमर्सनला ड्रमर बेनी बेंजामिनच्या पुढच्या ठोक्याचा अंदाज आधीच यायचा, कारण वर्षानुवर्षं शेजारी बसून वाजवलेलं. अशा जागी माणूस रिस्क घेऊ शकतो. त्याला सुरुवातीला लिहून दिलेलं वाजवावं लागायचं, पण हळूहळू निर्मात्यांनी फक्त कॉर्ड्सचा कागद पुढे ठेवून बाकी त्याच्यावर सोडायला सुरुवात केली, आणि मग १९६५ नंतरचा जेमर्सन ऐका, एक ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा तशीच्या तशी येतच नाही, मात्रा सोडून पुढे-मागे उड्या, अधलेमधले स्वर, मध्येच मोकळ्या तारेचा टोला, आणि तरी खालचा ठेका ढळत नाही. हे सगळं उजव्या हाताच्या एका तर्जनीने! डबल बेसची सवय. लोकांनी त्या बोटाचं नाव 'द हुक' ठेवलं होतं. तारा जाड, तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, आणि बेस थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये.

फोनवरच्या बेसिस्टला ही चैन नाही. सकाळी एका निर्मात्याकडे पॉप गाणं, दुपारी टीव्हीचं संगीत, संध्याकाळी जाहिरात, रात्री अजून कोणाचा तरी अल्बम, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा कागद पहिल्यांदाच बघतोय. वादकांच्या युनियनच्या नियमाने एक सेशन तीन तासांचं आणि त्यात जास्तीत जास्त १५ मिनिटांचं संगीत वापरायची मुभा, म्हणजे घड्याळ कायम डोक्यावर. उशीर केलास, नोटेशन वाचताना अडखळलास, निर्मात्याशी हुज्जत घातलीस, की पुढचा फोन दुसऱ्याला जातो. म्हणून कॅरलचं कौशल्य वेगळ्या जातीचं आहे. ती पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवायची, त्यामुळे प्रत्येक स्वराला टोक यायचं आणि छोट्या रेडिओवर पण बेस ऐकू यायचा, तारांवर फेल्टची पट्टी ठेवायची, आणि अँपसमोर माइक. कुठल्याही गाण्यात बसेल असा आवाज, आणि वर गरज पडली तर जागच्या जागी काहीतरी सुचवायची तयारी. सॉनी अँड शेरचं १९६७ चं 'द बीट गोज ऑन' हे जवळजवळ एकाच कॉर्डवर चालणारं गाणं, त्यात जीव आला तो तिने तिथल्या तिथे काढलेल्या बेसच्या ओळीने. ग्लेन कॅम्पबेलच्या 'विचिटा लाइनमन'च्या अगदी सुरुवातीला बेसचे ते उतरत जाणारे स्वर आहेत ना, ते तिचे, आणि त्याच गाण्यात मधला जो सोलो आहे तो कॅम्पबेलने तिचाच डॅनइलेक्ट्रो कंपनीचा बेस मागून घेऊन वाजवलाय. हा कॅम्पबेल स्वतः आधी सेशन गिटारिस्ट होता, म्हणजे दोस्ताची वस्तू उचलावी तसं.

जाताजाता आणखी एक गल्लत. बँडमधला बेसिस्ट हा या दोघांपैकी कोणीच नाही. बीच बॉइज या बँडचा बेसिस्ट कोण म्हटलं तर ब्रायन विल्सन, १९६४ पर्यंत स्टेजवर तोच वाजवायचा. पण १९६६ च्या 'पेट साउंड्स'वर बऱ्याच गाण्यांत बेस कॅरलचा आहे, सोबत डबल बेसवर लाइल रिट्झसारखे लोक. विल्सन स्वतः कंट्रोल रूममधून सूचना देत होता. फोटोत कोणाच्या गळ्यात बेस आहे यावरून रेकॉर्डवर कोण आहे हे त्या काळात तरी ठरवू नये.

पैशाचं काय? फ्रीलान्सरला प्रत्येक सेशनची ठरलेली बिदागी, युनियनच्या दराने, नाव झालं की दुप्पट दर मागता येतो, आणि तिच्या बहराच्या काळात आपण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षापेक्षा जास्त कमवत होतो असं कॅरलने नंतर सांगितलंय. हाऊस बँडमध्ये सुरुवातीला मोटाउनचे वादक गाण्यामागे मोजके डॉलर घ्यायचे, मग पगार सुरू झाला आणि १९६८ पर्यंत जेमर्सनला आठवड्याला १,००० डॉलर मिळत होते. तेव्हाच्या मानाने चांगलेच. पण त्या पगारात एक अट असते जी कागदावर असो नसो, दुसरीकडे वाजवायचं नाही. फंक ब्रदर्स चोरून वाजवायचेच, १९६७ मध्ये शिकागोला जाऊन जॅकी विल्सनच्या 'हायर अँड हायर'वर वाजवून आले, आणि अशा उद्योगांबद्दल कंपनीने दंड पण केलेत. कॅरलला कोणाची परवानगी घ्यायची नव्हती. आणि दोघांच्याही बाबतीत हे सारखं, की बेसच्या ओळीने गाणं कितीही उचललं तरी गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वादकाला नाही, 'द बीट गोज ऑन'वर नाव सॉनी बोनोचंच.

आता कागदपत्रं, कारण सगळी भांडणं इथून सुरू होतात. लॉस एंजेलिसच्या फ्रीलान्स कामात युनियनचा करार भरायचा असायचा, तारीख, स्टुडिओ, कोण कोण हजर होतं, कोणाला किती. त्यामुळे बऱ्याच गाण्यांबद्दल आज कागद दाखवता येतो. मोटाउनमध्ये सगळे घरचेच, रोजचेच, तर कुठल्या गाण्यावर कोण याची तशी नीट नोंद प्रत्येक वेळी नाही आणि कव्हरवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती, ती थेट १९७१ ला मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर आली. त्यात मोटाउन १९६० च्या दशकातच लॉस एंजेलिसमध्येही थोडंफार रेकॉर्डिंग करत होतं, तिथल्या फ्रीलान्सर लोकांना घेऊन. मग पुढे कॅरलने काही गाजलेल्या मोटाउन गाण्यांवरचा बेस आपला आहे असं सांगितलं, मोटाउनच्या लोकांनी आणि जेमर्सनचा अभ्यास करणाऱ्यांनी ते मानलं नाही, आणि तो वाद अजून धुमसतोय. मला ती गाणी ऐकून जेमर्सनच वाटतो, ते मोकळ्या तारांचे टोले आणि त्या तर्जनीचा गोलसर आवाज, पिकचं टोक ऐकू येत नाही. पण कान म्हणजे पुरावा नाही हेही आहेच, आणि 'दोघंही सेशन प्लेयर होते, कोणीही वाजवलं असेल' असं म्हणणाऱ्यांना आधी हे तरी माहीत हवं की एकाचं रोजचं टेबल डेट्रॉइटला होतं आणि दुसरीचं तिथून तीन हजार किलोमीटर लांब.

आणि शेवट कसा होतो त्यातही फरक. १९७२ मध्ये मोटाउनने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. डेट्रॉइटच्या बऱ्याच वादकांना हे दारावरच्या नोटिशीतून कळलं. हाऊस बँडचं घरच गेलं. जेमर्सन मागोमाग तिकडे गेला, १९७३ मध्ये कंपनीशी संबंध संपला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा तो खऱ्या अर्थाने फोनवरचा बेसिस्ट झाला. हा तुकडा मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण माणूस तोच, बेस तोच, बोट तेच. सुरुवातीला कामं मिळाली पण. पण निर्मात्यांना आता चकचकीत आवाजाच्या नव्या तारा हव्या होत्या, लिहून दिलेली एकच ओळ शेवटपर्यंत तशीच हवी होती, अंगठ्याने तार आपटणारी स्लॅप स्टाइल हवी होती, आणि याला त्यातलं काहीच करायचं नव्हतं. त्यात दारू. घरात बसून जे कौतुकाचं होतं, ते दारोदार जाताना आडमुठेपणा ठरलं. मी गाणं ऐकायला बसलो तर दहापैकी नऊ वेळा जेमर्सन लावेन, पण उद्या मला तीन तासांत चार गाणी उरकायची असतील तर फोन कॅरललाच करेन. १९८३ मध्ये मोटाउनच्या २५ वर्षांचा मोठा सोहळा झाला तेव्हा जेमर्सन तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता असं सांगतात, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, वय ४७.

कॅरलचं असं एका दिवसात काही बंद झालं नाही. एक कंपनी गेली तर बाकीच्या दहा होत्या. थकली तशी तिने कामं कमी केली, १९६९ मध्ये बेस शिकण्याचं पुस्तक काढलं, पुढे शिकवत राहिली, १९७६ मधल्या गाडीच्या अपघातानंतर आणखी मागे सरली.

मध्ये बसणारेही काही आहेत. अलाबामातल्या मसल शोल्सचा डेव्हिड हूड आणि त्याचे तीन साथीदार एका स्टुडिओचे हाऊस बँड होते, १९६९ मध्ये तिथून बाहेर पडले आणि जवळच स्वतःचाच स्टुडिओ उघडला. म्हणजे तीच माणसं, एकच खोली, रोजचं एकत्र वाजवणं, पण घर स्वतःचं, आणि गायक बाहेरून यांच्याकडे यायचे. डेट्रॉइटवाल्यांना हे जमलं असतं का कोणास ठाऊक.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००० मध्ये साथीदार वादकांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि पहिल्याच यादीत जेमर्सनला घेतलं, तो जाऊन तेव्हा १७ वर्षं झाली होती. २०२५ मध्ये कॅरलचं नाव जाहीर झालं, ती नव्वदीची, आणि तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. तिचं म्हणणं असं की हा मान स्टुडिओ वादकांनी तेव्हा जे काम केलं त्याच्याशी जुळतच नाही. तिच्या गटाला जे 'रेकिंग क्रू' म्हणतात ते नावसुद्धा तिला मान्य नाही. ते ड्रमर हॅल ब्लेनच्या १९९० च्या पुस्तकामुळे रुळलं, ती म्हणते आम्हाला तेव्हा असं कोणीच म्हणत नव्हतं. बरोबरच आहे एका अर्थी. फोनवर येणाऱ्यांचा बँड नसतोच, नाव कुठून असणार.