‘कोबॉटला जाळी लागत नाही’ : अर्धसत्य

साकीनाका-अंधेरीच्या गाळ्यांत कोबॉट (माणसाच्या शेजारी काम करणारा रोबॉट) घेताना हमखास ऐकू येतं, ‘धक्का लागला की हा थांबतो, भोवती संरक्षक जाळी कशाला?’ थांबतो खरा, पण धक्का लागल्यावर. तोवर किती जोर बसला, हे वेग, वजन आणि टोकाला काय बसवलंय यावर ठरतं. कोबॉटच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ/टीएस १५०६६ (२०१६) मध्ये बोटं चेंगरण्याची मर्यादा १४० न्यूटन आहे, चेहऱ्याची फक्त ६५. पातळ पत्र्याची कड मात्र कमी जोरातही कापते, कारण सगळा दाब एका रेषेवर येतो. म्हणून ग्रिपरच्या (टोकाच्या पकडीच्या) कडा गोल करा, फटी बुजवा, जॉब (उचलायची वस्तू) पकडलेला असतानाच जोर आणि दाब दोन्ही मोजा. जास्त आले तर वेग उतरवा. धारदार जॉब असेल तर जाळी लावाच, तिथे तडजोड नको.