मिशीवाली मुशी

मे महिन्यात आमच्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव गुडघाभर उरला की ढिवरकाका चिखलात हात घालून मागूर मासा काढतात. काटा चुकवून डोक्यामागे धरायचा आणि टोपलीत टाकायचा. घंटाभरानंतरही तो तिथं वळवळतच असतो. परवा त्यांना मोबाईलवर राखी बांबू मुशीचा फोटो दाखवला. “हा तं मागूरच दिसते बाप्पा! मिशा पाह्य ना.”

मुशी म्हणजे शार्क. ही मात्र जेमतेम पाऊण मीटरची. 1838 साली म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर, उथळ पाण्यात वाळू-खडकांच्या तळाशी ती पडून असते. पिलांच्या अंगावर बांबूच्या पेरांसारखे गडद पट्टे असतात, वयात आल्यावर ते पुसट होतात.

मिशांबाबत काकांचं चुकलं नाही. मागुराला आठ, हिला नाकपुड्यांपाशी दोनच. पण काम तेच, अंधारात तळ चाचपणं. अंग मात्र अगदी वेगळं. मागूर बुळबुळीत, तर मुशीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर पालिश पेपरसारखा खरखरतो, कारण कातडीभर बारीक दातांसारखे खवले असतात.

श्वासाचं कोडं दोघांनाही आहे. मागुरानं ते वर येऊन हवा गिळून सोडवलं. खुल्या समुद्रातल्या कित्येक मुशी पोहतापोहता तोंडातून पाणी घेतात, पण हिला तर पडून राहायचंय. म्हणून ती गालाचे स्नायू हलवून कल्ल्यांवरून पाणी खेळवते. डोळ्याखाली एक मोठं छिद्रही असतं, तोंड वाळूला टेकलेलं असलं तरी तिथून पाणी आत येतं.

अंडी चपट्या, चिवट पिशवीत असतात. आई राखण करत नाही. हिच्याच एका चुलत जातीवर ऑस्ट्रेलियात झालेला प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला: शिकारी माशाच्या अंगाभोवती असतं तसं विद्युतक्षेत्र जवळ आणताच पिशवीतल्या पिलानं कल्ल्यांची हालचाल थांबवली. जन्माआधीच दम धरून बसणं! मला तर हे मिशांपेक्षा भारी वाटलं.

काकांचा प्रश्न वेगळाच. “आपल्या तलावात सोडली तं जगन का?”

नाही जगणार. मुशीच्या रक्तात युरिया भरपूर, समुद्राच्या खारेपणाशी तोल राखण्यापुरता. गोड्या पाण्यात टाकली तर पाणी तिच्या अंगात शिरत राहील, आणि ते उपसून काढायची सोय तिच्यापाशी नाही. बुल शार्क नद्यांमध्ये शिरतो, पण त्याचं शरीर ते सांभाळू शकतं.

“मंग आपला मागूरच बरा,” म्हणत काका पुन्हा चिखलात वाकले.