जुन्या मोटारसायकलची पासिंग तपासणी व नेहमीचे दोष (सोलापूर)

पंधरा वर्षे पूर्ण झालेली खासगी मोटारसायकल रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही हे पाहून तिच्या नोंदणीची मुदत वाढवण्यासाठी परिवहन कार्यालयात होणारी तपासणी. कायद्यात याला नोंदणीचे नूतनीकरण म्हणतात. सोलापुरात मात्र ‘गाडी पासिंगला लावली’, ‘पासिंग संपलं’ असेच बोलतात. सोलापूरच्या गाड्यांचा क्रमांक एमएच १३ ने सुरू होतो. अकलूजला वेगळे कार्यालय झाल्यापासून तिकडच्या गाड्यांना एमएच ४५ मिळतो. जुन्या गाड्या मात्र त्या भागातही १३ चीच पाटी घेऊन फिरताना दिसतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षे टिकते. पुढे दर वेळी ५ वर्षांची मुदतवाढ मिळते. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा, तोही मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. मुदत उलटली की गाडी कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची ठरते आणि नूतनीकरण होईपर्यंत ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारसायकलला ते २,००० रुपये झाले. त्याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरील दुचाकीला पर्यावरण कर भरावा लागतो.

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावी लागते, असा समज पेठांमधून आणि गावांतून अजूनही ऐकू येतो. पेट्रोल गाड्यांवरची १५ वर्षांची बंदी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांतून आली आणि ती दिल्ली व राजधानी परिसरापुरती होती. सोलापुरातली १९९८ ची स्प्लेंडर तपासणीत उतरली तर आणखी पाच वर्षे कायदेशीरपणे चालते. या गैरसमजापायी चांगल्या गाड्या कवडीमोलाने गेल्या आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

कागदांवरून अडणाऱ्या गाड्या : गाडी तपासणीच्या रांगेत लागण्याआधीच बऱ्याचदा कागद आडवे येतात. कर्ज फिटून दहा वर्षे झाली तरी आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच असतो. तो उतरवायला नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. वडिलांच्या नावावरची गाडी त्यांच्या मागे मुलगा वर्षानुवर्षे चालवतो, पण मृत्यूनंतर तीन महिन्यांत नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची असते हे घरात कोणाला माहीत नसते. तिसरी अडचण बदललेल्या इंजिनाची. जुन्या बाजारातून आणलेले इंजिन बसवले आणि त्याची नोंद केली नाही, की इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही आणि गाडी तिथेच थांबते.

चेसिस नंबर हँडलखालच्या फ्रेमवर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की छाप उमटते. पण गंज चढलेला असेल किंवा गाडी रंगवताना नंबरावरच फवारा मारलेला असेल तर छाप अर्धवट येते. अशा वेळी पॉलिश पेपर लावू नये, आकडे पुसट होतात आणि खाडाखोडीचा संशय येतो. रॉकेल किंवा पेट्रोलचा बोळा फिरवून, थांबून, पुन्हा पुसणे हाच उपाय. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते. आकड्यांतून ‘दादा’ किंवा ‘राम’ वाचता येईल अशी पाटी चालत नाही.

तपासणी : मोटार वाहन निरीक्षक गाडीचे नंबर जुळवतो. मग दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसा, ब्रेक, टायर, सायलेन्सर पाहतो. दुचाकीच्या बाबतीत हे काम बहुतांशी नजरेने आणि हाताने होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, पायटे आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असावी लागते. ‘साडीगार्ड’ म्हणतात ती हीच. गाडी देखणी दिसावी म्हणून तरुण मुले पहिल्यांदा तीच काढून टाकतात. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर आऱ्यांत गेला तर गाडी थांबवायला वेळच मिळत नाही, म्हणून या दोन-चार पट्ट्यांच्या जाळीला या यादीत वरचे स्थान द्यायला हवे.

ब्रेक : शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांना पुढे-मागे ड्रम ब्रेक असतात. ब्रेक शूवरचे घासणारे अस्तर, म्हणजे लायनर, झिजत जाते तसतसे पेडल खाली जाते आणि मालक नट आवळत राहतो. आवळून आवळून ड्रमबाहेरची ब्रेकची दांडी पुढे कलते आणि झीज दाखवणारा बाण खुणेपाशी येतो. तिथून पुढे आवळण्यात अर्थ नसतो, ब्रेक शू बदलायचेच असतात. पेडलला साधारण दोन-तीन सेंटीमीटर मोकळी चाल हवी. अगदीच घट्ट ठेवले तर शू सतत घासतात, ड्रम तापतो आणि लायनर काचेसारखे गुळगुळीत होऊन ब्रेक लागेनासा होतो. पावसाळ्यात शेतातल्या वाटेवरची काळी माती ड्रमच्या फटीत आणि मडगार्डखाली गच्च बसते. गाडी वरून धुतली तरी ती आत तशीच राहते.

कोनसेट आणि पुढचा भाग : हँडलच्या टी-मधले बॉल आणि त्यांच्या वाट्या म्हणजे कोनसेट. जुन्या गाडीत सगळ्यात दुर्लक्षित दोष हा, कारण तो हळूहळू वाढतो आणि चालवणाऱ्याच्या हाताला त्याची सवय होते. पाहायची रीत सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, मागे एकाने वजन टाकायचे म्हणजे पुढचे चाक उचलले जाते. मग चाकासमोर उकिडवे बसून शॉकपची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवायची. ‘खट्’ असा हिसका हाताला लागला तर कोनसेट सैल आहे. त्यानंतर हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सोडायचे. ते बरोबर मध्ये आल्यावर क्षणभर अडकले तर वाट्यांना खड्डे पडलेत. आवळून हा दोष जात नाही, सेटच बदलावा लागतो. अशी गाडी चाळीसच्या वेगाला सरळ जातेय असे वाटते, पण हात जरा सैल सोडला की डुलायला लागते. शॉकपच्या नळीवर तेलाचा ओला गोल पट्टा दिसला तर ऑइल सील गेलेले असते, आणि ते तेल खाली ब्रेकपर्यंत ओघळते का तेही पाहावे लागते.

ओझे : सोलापूरच्या जुन्या गाड्यांवर कामाच्या खुणा दिसतात. यंत्रमागाच्या चादरी-टॉवेलचे गठ्ठे सीटवर बांधून नेणारी गाडी आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवणारी दूधवाल्याची बजाज एम-८० मागच्या बाजूने आधी थकते. मागचे शॉकप दबतात, चिमट्याचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे, बुश जातात. अशी गाडी वळणावर मागून वेगळीच वळल्यासारखी वाटते. कॅन अडकवायचे हुक जिथे वेल्ड केलेले असतात, तिथे फ्रेमला केसासारखी चीर पडते. रंगाखाली ती दिसत नाही, मात्र गंजाची बारीक तांबूस रेघ उमटलेली असते. आऱ्या सैल होतात आणि चाक आऊट जाते, म्हणजे फिरताना डगमगते. पाना घेऊन एकेक आरी ठोकली की आवळलेली आरी टणकन वाजते, सैल असलेली बद्द. कान तयार असलेल्या मिस्त्रीला मोजमाप करण्याआधीच कळते की चाकात कुठे दोष आहे.

टायर : दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिमी खोल असली पाहिजे. इथे मात्र नक्षी शिल्लक असूनही टायर बाद होतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो, गाडी दिवसभर उन्हात उभी असते, आणि कमी चाललेल्या जुन्या गाडीच्या टायरला कडेने भेगा पडतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी चालली म्हणून टायर नवा आहे असे समजू नये.

चेनबद्दल थोडक्यात : स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे एका बाजूला कलले की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायचे. एकटी नवी चेन जुन्या दातांवर लवकर खराब होते.

दिवे व वायरिंग : जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जनित्राच्या, विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन मंद असताना तो मिणमिणतो आणि रेस दिली की उजळतो. ही त्या रचनेची रीत आहे. पण रेस देऊनही पिवळा राहत असेल तर आतला आरसा काळवंडलेला असतो किंवा वायरच्या सांध्यांना हिरवट बुरशी चढलेली असते. मागचा दिवा आणि लाल रिफ्लेक्टर याहून महत्त्वाचे. गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढताना मागच्या वाहनाला मोटारसायकल दिसते ती तेवढ्याच ठिपक्यावरून.

धूर आणि पीयूसी : ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या चार-स्ट्रोक दुचाकीला मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएमपर्यंत चालते. त्याआधीच्या दुचाक्यांना ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएमची सूट आहे. म्हणून यामाहाची जुनी आरएक्स १००, दोन-स्ट्रोक असूनही, पीयूसीत म्हणजे धुराच्या तपासणीत उतरू शकते. बीएस-३ (भारत स्टेज हे धुराचे मानक) पर्यंतच्या गाड्यांना पीयूसीचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. आकडा वर गेला तर आधी एअर फिल्टर पाहावा. इथल्या धुळीत तो लवकर चोंदतो आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होते, धूर काळा येतो. निळसर धूर म्हणजे तेल जळते. फक्त सकाळच्या पहिल्या किकला येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, आणि रेस दिल्यावर सतत येत असेल तर रिंग-पिस्टन. पहिले काम अर्ध्या दिवसाचे, दुसऱ्याला बोअर करायला इंजिन खाली उतरवावे लागते.

अलीकडचा एक दोष पेट्रोलमधून आला आहे. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा, इथल्या मळीपासून इथेनॉल बनते, आणि आता पेट्रोलमध्ये ते २० टक्के असते. जुन्या गाडीची पेट्रोल नळी, कॉकचे वायसर आणि कार्बोरेटरचे रबर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, अडकतो.

निकाल : गाडी उतरली तर पाच वर्षांची नवी आरसी मिळते. नाही उतरली तर दोष दूर करून ती पुन्हा आणायची. अडवणारे दोष बहुतेक किरकोळ खर्चाचे असतात : बंद इंडिकेटर, नसलेला आरसा, फटाके फोडणारा सायलेन्सर, संपलेले ब्रेक शू.

खरी उणीव मुदतीत आहे. रोज चालणाऱ्या गाडीचे ब्रेक शू पाच वर्षे टिकत नाहीत, चेनही टिकत नाही. पासिंगचा कागद त्या एका दिवसाची साक्ष देतो. ब्रिटनमध्ये १९६० पासून चालू असलेली एमओटी तपासणी मोटारसायकलला तीन वर्षांनंतर दरवर्षी करावी लागते. २०१८ पासून तिथे दोषांचे धोकादायक, मोठे आणि किरकोळ असे वर्ग केले जातात. आज चालेल पण लवकरच पाहावे लागेल, अशा गोष्टींच्या सूचनाही लिहून मिळतात. नंबर टाकला की त्या गाडीचे जुने निकाल कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे ती नोंद नाही. असलीच तर ती मिस्त्रीच्या डोक्यात असते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने पासिंगच्या तारखेवर विसंबू नये. सकाळी लवकर, न सांगता जावे आणि किक मारण्याआधी इंजिनला हात लावून पाहावा. ते कोमट लागले तर मालकाने पहिला धूर आधीच काढून टाकलेला असतो.