ओव्हरीतली गाठ साधी आहे का, हे एमआरआयला कसं कळतं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'एमआरआय करून घ्या' असं वाचलं की पोटात गोळाच येतो. पण बऱ्याचदा एमआरआय सांगतात ते गाठीच्या आत नेमकं काय आहे हे सोनोग्राफीत नीट कळलं नाही म्हणून, आणि अशा बहुतेक गाठी शेवटी साध्याच निघतात.

मला यातली सगळ्यात भारी वाटते ती चरबी ओळखायची युक्ती. टी-वन नावाच्या फोटोत पाणी काळं दिसतं, पण चरबी पांढरी आणि जुनं साकळलेलं रक्तही पांढरं, मग ओळखायचं कसं? तर चरबीतला हायड्रोजन पाण्यातल्या हायड्रोजनपेक्षा किंचित वेगळ्या फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद देतो, दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये सुमारे 6 कोटी 40 लाख हर्ट्झमध्ये फरक असतो फक्त 220 हर्ट्झच्या आसपास, आणि तेवढ्यावर मशीन चरबीचा सिग्नल दाबून तोच फोटो परत काढतं. आता आधी पांढरा दिसलेला भाग काळा पडला तर ती चरबी, म्हणजे गाठ डर्मॉइड, जिच्यात केस आणि कधीकधी चक्क दातसुद्धा सापडतात. पांढराच राहिला तर बहुतेक रक्त. आणि तीच गाठ टी-टू नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या फोटोत काळपट दिसली तर चॉकलेट सिस्टची, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे होणाऱ्या रक्ताच्या गाठीची, शक्यता जास्त, कारण तिथे पुन्हा पुन्हा रक्त साचून ते घट्ट झालेलं असतं.

फायब्रोमा, म्हणजे तंतुमय ऊतींची साधी गाठ, मात्र सोनोग्राफीत भरीव दिसतो म्हणून सगळे घाबरतात. एमआरआयच्या टी-टू आणि डिफ्युजन (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारा फोटो) या दोन्ही फोटोंत तो भरीव भाग काळाच दिसला तर गाठ जवळपास नक्की साधी. बाकी भरीव भागांसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत भाग उठून दिसावा म्हणून दिलं जाणारं औषध, देतात आणि तो गाठीत किती झपाट्याने शिरतो हे गर्भाशयाच्या स्नायूशी ताडून बघतात.

यावरून रिपोर्टमध्ये ओ-रॅड्स नावाचा 1 ते 5 स्कोअर देतात. 2 आला तर कॅन्सरची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी, 5 आला तर 90 टक्क्यांच्या आसपास. 2 बघून कितीतरी जणींचं ऑपरेशन टळू शकतं, म्हणून हा आकडा डॉक्टरांना जरूर विचारा.

तपासणीत एक्स-रे वापरत नाहीत, फक्त अर्धा-पाऊण तास आवाजात स्थिर पडून राहावं लागतं, आणि पेसमेकर किंवा शरीरात कुठलाही धातू असेल तर आधीच सांगायचं. पण गाठ माहीत असताना अचानक पोटात असह्य कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या तर एमआरआयच्या तारखेची वाट बघू नका, ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो, तडक हॉस्पिटल गाठा.